कौतिकाच्या फुटक्या कुंड्या

मी चौतीस वर्षं सरकारी माळी होतो, आणि त्यातली तीन-चार वर्षं मी एका बाईवर जळत होतो. भर उन्हाळ्यात कुंड्या रंगीत कशा ठेवायच्या ते लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. ते लिहितोच. पण कुंडीविषयी मला जे काही खरं कळलं ते त्या जळण्याच्या दिवसांत कळलं. तेव्हा एक वगळून दुसरं सांगणं मला जमणार नाही.

आमचं विश्रामगृह जामच्या चौफुलीपासून दीडेक मैलावर, रस्त्याला लागून होतं. लोक त्याला डाकबंगलाच म्हणत. दोन झोपायच्या खोल्या, मध्ये जेवणाची खोली, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, मागे स्वयंपाकघर, विहीर आणि बागेसाठी वेगळा हौद. नागपूरहून चांद्याकडे किंवा हिंगणघाटकडे दौऱ्यावर निघालेले साहेब दुपारी इथं थांबत. जेवत, झोपत आणि ऊन कललं की निघून जात. आमचे ओव्हरसियर म्हणत, "माळी, सायेब मोटारीतून उतरला का त्याच्या डोळ्याले थंड वाटलं पायजे." हिवाळ्यात ते सोपं होतं. हिवाळ्यात आमच्याकडे काठी रोवली तरी फूल येईल. खरी परीक्षा चैत्र-वैशाखात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कुंडी म्हणजे लहानशी बाग. तसं नाही. जमिनीतल्या झाडाला ऊन वरून लागतं. कुंडीतल्या झाडाला ते वरून लागतं, बाजूनं लागतं आणि खालच्या तापलेल्या फरशीतूनही लागतं. मुळं अक्षरशः शिजतात. त्यात आमची काळी माती. शेतात ती सोनं, पण कुंडीत वैरी. वाळली की आकसते, कडेनं सुटते, मधोमध भेग पडते. मग घातलेलं पाणी त्या भेगेतून खालच्या भोकावाटे पळून जातं. माळी समाधानानं पुढच्या कुंडीकडे वळतो आणि झाड तहानलेलंच राहतं. म्हणून पाणी घातल्यावर कुंडीच्या अंगावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर आत कोरडं आहे. बद्द वाजली तर पाणी पोचलं. रंगांचंही तसंच. पांढरा आणि फिका गुलाबी दोन दिवसांत करपतो. लाल, केशरी, पिवळा आणि गडद जांभळा उन्हाला तोंड देतात.

एवढं मला माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. ते नागपुरात एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. जातीनं माळी, कामानं माळी, आणि दोन्हींचा त्यांना भारी अभिमान. त्यांचा नियम असा, की एका कुंडीत एकच झाड, कुंड्या सरळ रांगेत, उंच मागे, बुटकी पुढे, कुंडीला गेरू आणि काठाला चुन्याची रेघ. मी त्या नियमाबाहेर कधी गेलो नव्हतो. माझ्या तीस कुंड्या शाळेतल्या कवायतीसारख्या उभ्या असत. झिनिया, झेंडू, कोंबडा, मागे क्रोटन. मे महिना आला की निम्म्या माना टाकत. मी म्हणत असे, मे महिन्यात सगळ्यांच्याच टाकतात.

एकदा तर एका साहेबांनी ऐन वैशाखात निरोप धाडला, की मेमसाहेब सोबत आहेत, त्यांना शेवंती फार आवडते, व्हरांड्यात शेवंती हवी. शेवंती! आमचा खानसामा बाबूलाल जबलपूरकडचा, हिंदी बोलणारा, हाताचा कलाकार. त्यानं पतंगाच्या पिवळ्या कागदाची सोळा फुलं कातरली आणि आम्ही ती शेवंतीच्या नुसत्या पाल्यात काड्यांवर खोचली. साहेबांचा चष्मा जाड होता. ते दुरून "वा, वा" म्हणाले. मेमसाहेब मात्र जवळ आल्या, एक फूल बोटानं चाचपलं आणि माझ्याकडे पाहून हसल्या. त्या हसण्याची मला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

त्याच सुमाराला, त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात, कौतिका पाणी भरायला आली.

दरवर्षी होळी ते मृग एक पाणी भरणारी रोजंदारीवर लागत असे. कौतिका जवळच्या वस्तीतली, महार समाजाची, माझ्याच वयाची, तिशीच्या आतबाहेरची. नवरा सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला. स्वयंपाकघराच्या विहिरीवर तिला येऊ देत नसत. बागेचा हौद वेगळा होता, ओढ्यावरून पाणी आणून तो भरायचा, म्हणून तिला हे काम मिळालं. तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नाही. जे सगळीकडे होतं तेच इथं होतं. बाई कामाला वाघ. दोन डोक्यावर, एक कमरेवर अशी भांडी घेऊन ती दिवसाला किती खेपा करी देव जाणे. पहिलं वर्ष तिनं फक्त पाणी भरलं आणि मी झाडांना कसं काय करतो ते पाहिलं. ती पाहते आहे हे मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतही होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस ती म्हणाली, "भाऊ, स्वयंपाकघराच्या मांगं त्या फुटक्या कुंड्या पडल्या हायेत. मी घेऊ काय लावाले?"

"काय लावतेस?"

"लावतो काई बाई." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.

"घे," मी म्हटलं. फुटकी कुंडी आणि पाणी भरणारी बाई, यातून काय निघणार होतं?

तिनं त्या डझनभर कुंड्यांना तारेचे वेढे घालून आवळलं. भेगांत शेणमाती लिंपली. आत काय भरलं ते मी पाहिलं नाही, पाहावंसंही वाटलं नाही. मग चैत्र सरला, उन्हाच्या झळा सुरू झाल्या, माझ्या झिनियांनी नेहमीप्रमाणे माना टाकल्या. आणि एका सकाळी मी बाबूलालकडे चहाला गेलो तर मागचं अंगण पेटलेलं.

पेटलेलं म्हणजे रंगानं. मधोमध लालभडक राजगिरा, कमरेएवढा. त्याच्या पायाशी जांभळट सदाफुली दाटीनं. आणि कुंडीच्या काठावरून बारीक गुबगुबीत पानांचा चिनी गुलाब खाली लोंबत होता, केशरी, पिवळा, किरमिजी. शेजारच्या कुंडीत लाल मिरचीचं झाड, भोवती बुटका झेंडू. तिसरीत वांग्याचं जांभळं फूल, जांभळं देठ, जांभळं फळ, आणि खाली पिवळं काहीतरी रानातलं. एका कुंडीत तीन-तीन झाडं! माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर उपटून फेकली असती. मी ती पाहिली आणि आतून जळू लागलो. ते जळणं पुढे काही वर्षं विझलं नाही.

"देखो, देखो," बाबूलाल बशीत चहा ओतत म्हणाला, "बाई के हाथ में जादू है."

"फुटक्या कुंडीतलं फार टिकत नसते," मी म्हणालो.

पण ते टिकलं. रोज सकाळी उठल्याबरोबर मी आधी मागं जाऊन पाही, की रात्रीतून काही वाळलं का. माझ्या कुंड्यांकडे नंतर जाई. तिच्या चिनी गुलाबाची फुलं मी मोजत असे. आज किती, काल किती. कमी झाली तर मला बरं वाटे. एकदा मी आवाराचं फाटक मुद्दाम उघडं सोडलं, की बकऱ्या आत शिरतील. शिरल्या. पण फाटकाजवळ आधी माझ्या झिनिया होत्या. मागच्या अंगणापर्यंत पोचायची त्यांना गरजच पडली नाही. त्या दिवशी कौतिका माझ्या बाजूनं बकऱ्यांच्या मालकिणीशी तासभर भांडली. मी उभा राहून ऐकत होतो.

त्याच उन्हाळ्यात सेवाग्रामचे एक वयस्क गृहस्थ, जाडीभरडी खादी नेसलेले, कुणा साहेबांबरोबर आले. व्हरांड्यातल्या माझ्या कुंड्या त्यांनी बारकाईनं पाहिल्या आणि म्हणाले, "माळीबुवा, बायका मैलभरावरून डोक्यावर पाणी आणतात, आणि ते तुम्ही याला घालता. यातलं खायला काय मिळतं?"

मागून हौदाकडून कौतिका म्हणाली, "बाबा, मांगं या. माह्या कुंडीतलं खाता येते."

गृहस्थ मागं गेले. तिनं राजगिऱ्याचा कोवळा पाला आणि पाच-सहा मिरच्या त्यांच्या उपरण्यात घातल्या. ते इतके खूश झाले की निघताना मोटारीत बसूनही तिच्याच कुंड्यांबद्दल बोलत होते. साहेबांनी मोटारीतून मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिच्याकडून शिकून घ्या काही." मोटार गेली. धूळ बसेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

शिकून घ्यायला माझी हरकत नव्हती. विचारायला होती.

पंचावन्न सालच्या मे महिन्यात मी न विचारताच ते केलं. दुपारची वेळ होती. बाहेर झळा, बाबूलाल वाळ्याच्या ताटीमागे घोरत पडलेला, कौतिका भाकर खायला घरी गेलेली. मी मागच्या अंगणात जाऊन तिची सगळ्यात देखणी कुंडी आडवी केली आणि खुरप्यानं मातीचा गड्डा बाहेर काढला. तळाला खापऱ्या, त्या मीही घालत असे. पण वर काळी माती नव्हतीच जवळजवळ. काळपट, भुसभुशीत, ओलसर असं काहीतरी होतं. पिंजलेल्या जुन्या गादीसारखं, आणि त्याला पाऊस पडून गेलेल्या रानासारखा वास. बोटांनी विस्कटलं तर त्यात सरकीची टरफलं दिसली. म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या जिनातला कचरा, रुईची झाडलोट. आणि बरोबर मधोमध एक लहानसं गाडगं पुरलेलं, तोंडावर खापरी. ते पाण्यानं अर्धं भरलेलं होतं. त्याच्या मातीच्या अंगातून पाणी पाझरत होतं आणि झाडांच्या पांढऱ्या मुळांनी त्या गाडग्याला सगळीकडून मिठी मारली होती.

काय सोपं होतं ते! ती सकाळी एकदा गाडगं भरी. झाड दिवसभर आपल्याला हवं तेवढं पीत राही. आणि मी माझ्या वडिलांच्या वेळेपासून वरून पाणी ओतत होतो.

मी सगळं परत भरलं, वर भरपूर पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत राजगिरा आडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिका त्या कुंडीशी बसली होती. तिनं माती हातात घेऊन पाहिली. खुरप्याची धार लागून तुटलेली मुळं पाहिली. मी खांबाशी उभा होतो. माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, "इचारलं असतं तं सांगतलं असतं, भाऊ."

मी म्हणालो, "कुत्र्यानं उकरलं असन."

मेलेली झाडं तिनं खताच्या खड्ड्यात टाकली आणि भांडी घेऊन ओढ्याकडे गेली.

यानंतर तरी मी विचारायला हवं होतं. पण आता तर विचारणं आणखीच कठीण होऊन बसलं. शिवाय मला वाटलं, आता विचारायचं उरलंच काय? सगळं तर पाहिलं. हिंगणघाटच्या एका जिनातून मी बैलगाडीभर कचरा आणला, कुंभाराकडून तीस गाडगी आणली आणि माझ्या तीसही कुंड्या नव्यानं भरल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या खात्याचे मोठे साहेब सपत्नीक दोन दिवस मुक्कामाला येणार होते. काम बारमाही, पण कागदावर मी आठ वर्षं हंगामी होतो. ओव्हरसियर म्हणाले होते, "या दौऱ्यात सायेब खूश झाले तं तुमच्या कायमचा कागद तिथंच सही होईन." दोन लहान मुलं आणि आजारी आई असलेल्या माणसाला कायम या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

पाचव्या दिवशी माझ्या कुंड्यांतली पानं कडेनं तपकिरी होऊ लागली. सातव्या दिवशी झेंडू काळे पडले. मी पाणी वाढवलं. नवव्या दिवशी तिसांपैकी चार कुंड्या उभ्या होत्या आणि साहेब यायला आठवडा उरला होता. मी व्हरांड्याच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसलो. कौतिका रिकामी भांडी घेऊन जाता जाता थांबली.

"भाऊ, आत हात घालून पाहा."

मी बोटं खुपसली आणि चटकन काढून घेतली. आत नुसती भट्टी.

"कच्चा कचरा भरला तुमी," ती म्हणाली. "त्यात सरकी असते, तेल असते. तो तापते. एक पावसाळा उघड्यावर कुजवा लागते त्याले, मंग भरा लागते. मी जिनात दोन मोसम झाडलोट केली ना, मले माहीत हाये. ढीग पेटलेला पाह्यला मी."

"मंग आता?" मी विचारलं. शिकून घ्यायला म्हणून तीन वर्षांत मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

तिनं भांडी खाली ठेवली आणि मागच्या अंगणाकडे बोट केलं. "माह्या नेऊन ठेवा समोर," ती म्हणाली.

तिच्या कुंड्या आता पंचवीसच्या वर झाल्या होत्या. गावात कुठं फुटकं मडकं, फुटका रांजण दिसला की ती उचलून आणायची. सगळं आम्ही दोघांनी उचलून पुढं आणलं. मी रांगेत मांडायला लागलो. तिनं मला दोनदा मांडू दिलं, तिसऱ्यांदा म्हणाली, "असं नोका करू, भाऊ. हे काय पलटण हाये?" मग तिनं विटांचे उंच-सखल ओटे रचले, प्रत्येक खांबाशी पाच-सहा कुंड्यांचा एकेक झुबका केला, उंच राजगिरा खांबाला टेकवून, बाकी सगळं त्याच्याभोवती उतरत उतरत पार जमिनीपर्यंत. तारा झाकायला चिनी गुलाब पुढं ओढला. फुटक्या रांजणाचा कडा मुद्दाम पुढं ठेवला आणि त्यातून सदाफुली सांडल्यासारखी बाहेर आणली. पाच दिवस ती हे करत होती. मी गेरू लावला. तेवढंच माझं.

साहेब आले ते सकाळी दहाच्या उन्हात. मोटारीतून आधी बाई उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. हाताची सावली करून पाहत राहिल्या. मग साहेबही उतरले. ओव्हरसियर माझ्या शेजारी उभे होते. बाबूलाल दारात. कौतिका शेवटच्या खांबाशी झारी घेऊन उभी होती.

"किसने लगाया ये सब?" बाईंनी विचारलं.

कुणी तरी काही बोलेपर्यंत एक क्षण गेला. खरं सांगायला एवढा वेळ कुणालाही पुरला असता. मी पुढं झालो आणि म्हणालो, "हुजूर, मैंने."

"एक गमले में तीन-तीन पौधे? कहाँ सीखा?"

"मेरे बाप ने सिखाया, हुजूर."

ओव्हरसियर आपल्या बुटांकडे पाहू लागले. बाबूलाल आत निघून गेला. कौतिकाकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. झारीतून पाणी पडण्याचा आवाज तेवढा ऐकला. ती कामाला लागली होती.

कायमचा कागद महिन्याच्या आत आला. घरी आईनं साखर वाटली. मी त्या रात्री नीट जेवलो आणि नीट झोपलो, हेही लिहून ठेवतो. माणूस लगेच पश्चात्तापानं तळमळतो हे खरं नसतं. मला हायसं वाटलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, ती बाई अजून तिथंच आहे याचा राग येत होता. तिला पाहिलं की मला माझं खोटं दिसे.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली. पाणी भरलं, हौद भरला. फुटक्या कुंड्या स्वयंपाकघरामागं रिकाम्या पडलेल्या. पंधरा दिवस वाट पाहून मी म्हटलं, "काऊन वो, यंदा नाई लावल्या?"

"तुमाले तं येते ना आता लावाले," ती म्हणाली.

मला येत होतं. मी कचरा पावसाळाभर कुजवला होता, गाडगी पुरली होती, एका कुंडीत तीन झाडं लावली होती. सगळी जगली. येणारे-जाणारे साहेब तारीफ करत. पण मी मांडलेल्या त्या कुंड्यांकडे मी स्वतः पाहिलं की मला कळे, हे तिच्यासारखं झालेलं नाही. कुठंतरी रंगाशेजारी रंग चुकत होता. तिला विचारलं असतं तर तिनं एक कुंडी इकडची तिकडे केली असती आणि सगळं जुळलं असतं. ती भांडी घेऊन शेजारून जाई आणि नजर वर करत नसे.

त्या वर्षी दसऱ्याला ती आणि तिचा नवरा त्यांच्या वस्तीबरोबर नागपूरला जाऊन आले. परतल्यावर तिच्या गळ्यातला देवीचा टाक गेला होता आणि चालण्यात काहीतरी निराळं आलं होतं, एवढं मी पाहिलं. त्यानंतर आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, नवे कागद आले, आणि विश्रामगृहाला दुसऱ्या माळ्याची एक जागा मंजूर झाली. कायम होणारी जागा.

ओव्हरसियर सायकलवरून आले, व्हरांड्यात बसले, पाणी प्याले. म्हणाले, "माळी, तुमच्या हाताखाली माणूस घ्यायचा हाये. ती पाणी भरणारी बाई कशी हाये? मले वाटते, तिले येते काम."

त्यांना माहीत होतं. त्या दिवशी माझ्या शेजारी तेच उभे होते. आता ते मला एक वाट मोकळी करून देत होते.

मी म्हणालो, "बाई चांगली हाये. पण..."

एवढंच. पुढं मी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. त्या 'पण'मध्ये ज्यानं त्यानं आपलं आपलं भरून घ्यावं. तिची जात, तिचं बाईपण, आता तिचा नवा धर्म, जे हवं ते. ओव्हरसियरनी काय भरलं मला माहीत नाही. त्यांनी सायकलला टांग मारली. जागेवर हिंगणघाटचा एक माणूस आला, चांगला होता बिचारा, बिड्या फार ओढायचा. कौतिका पुढच्या होळीला आली नाही. मी चौकशी केली नाही.

तिच्या पद्धतीच्या कुंड्या मी पुढं पंचवीस वर्षं लावल्या. तीन विश्रामगृहं मी फिरलो, सगळीकडे त्याच लावल्या. नव्या माळ्यांना शिकवल्या. शिकवताना जिनाचा कचरा कुजवायचा, गाडगं पुरायचं, हे सगळं सांगायचो, आणि कुणी विचारलं हे कुठून आलं, तर कधी म्हणायचो वडिलांकडून, कधी नुसतं, असंच.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी एका लग्नासाठी तळेगावला, श्यामजी पंताच्या तळेगावला, जायचं निघालं. आमच्या एका नातेवाइकाकडून कळलं होतं, की जामकडची एक कौतिकाबाई तिथं मुलीजवळ राहते, मुलगी शाळेत मास्तरीण आहे. मी घरच्या कोलियसची एक कुंडी घेतली. लाल-पिवळी पानं, मला जमलेली सगळ्यात चांगली. आर्वीपर्यंत आणि पुढं तळेगावपर्यंत एसटीत ती मांडीवर धरून नेली. मनात वाक्यं जुळवत होतो.

ती अंगणात बाजेवर बसून गहू निवडत होती. केस पूर्ण पांढरे. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. "माळीभाऊ!" म्हणाली, आणि आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. अंगण स्वच्छ सारवलेलं होतं. मी चारी बाजूंनी पाहिलं. एक कुंडी नव्हती. तुळसही नव्हती, फुलाचं एक रोप नव्हतं.

"कुंड्या नाई लावत आता?" मी विचारलं.

"कायले?" ती हसली. "मले फुलाची हौस कधीच नव्हती, भाऊ."

"मंग ते सगळं, तिथलं?"

"मले कायम व्हाचं होतं," ती म्हणाली. गहू निवडता निवडता, जशी जुनी गोष्ट सांगावी तशी. "हजेरीच्या बुकात तुमचं नाव बाराही मयने शाईनं लिवलेलं असे, माहं पेनशिलीनं. पावसाळा आला का खोडून टाकत. मले लय हेवा वाटे तुमचा. मनलं, या माळ्यापेक्षा चांगली फुलं काढली तं कोणी तं पाहीन, माहं नाव शाईनं लिवन. म्हणून तुमचं काम पाहत बसे. घरी गेल्यावर डोक्यात तेच, कोणत्या रंगाजवळ कोणता रंग ठेवला का सायेबाचा डोळा थांबन."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि ओव्हरसियर आले होते त्या दिवशीचं सगळं तिला सांगितलं. माझ्या तोंडचे शब्द, जसे होते तसे. 'पण'सकट.

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "माहीत हाये," ती म्हणाली. "मी गेलती ओव्हरसियरकडे इचाराले. त्यानं सांगतलं मले." मग पुढचा खडा शोधता शोधता म्हणाली, "मंग मी पोरीले शाळेत घातलं. तिचं नाव शाईनंच लिवलं त्यायनं."

हे ती रागानंही म्हणाली नाही आणि मायेनंही नाही. मी आणलेली कुंडी तिच्यापुढं सरकवली. तिनं सूप खाली ठेवलं, कुंडी ओढून घेतली आणि बोट मातीत खुपसलं.

"पाणी लय देता तुमी अजून," ती म्हणाली. तिनं कुंडी तिरकी केली, वरची चिकट माती काढली, दोन बोटांनी मुळांपाशी हवा केली, एक पिवळी पडलेली फांदी मधूनच खुडली. फक्त एक. आणि ती खुडल्याबरोबर आतली लाल पानं मोकळी झाली आणि सगळं झाड एका बाजूला झुकल्यासारखं, चालू लागल्यासारखं दिसायला लागलं. मी ते झाड वर्षभर वाढवलं होतं आणि ती फांदी काढायची हे मला एकदाही सुचलं नव्हतं. ज्या बाईला फुलांची हौस नव्हती तिच्या त्या म्हाताऱ्या बोटांकडे मी पाहत होतो, आणि मी पुन्हा तसाच जळालो. त्या वयात, त्या अंगणात, तिचं सगळं ऐकून झाल्यावर.

त्याच गडबडीत मी उठलो, येतो म्हणालो, लग्नघरी गेलो. जेवलो. दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत आर्वी मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी तिला घडलं ते सगळं सांगितलं होतं, पण चुकलो हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नव्हता.